खिडकीची बाजू

आमच्या घरात कोणी गावाला निघाले, की तिकीट हातात आल्यानंतर आणि डबा भरायला घेण्याआधी एक प्रश्न हमखास निघत असे : कोणत्या बाजूला बसायचे? हा प्रश्न बाईंना विचारायचा असे. बाई म्हणजे माझी थोरली काकू. मुंबई महापालिकेच्या मराठी शाळेत त्यांनी ३८ वर्षे भूगोल शिकवला. गिरगावातल्या आमच्या चाळीतली निम्मी मुले त्यांच्या हाताखालून गेली आणि त्यांत घरचीही बरीच असल्यामुळे पुतणे, भाचे आणि पुढे सुनासुद्धा त्यांना बाई म्हणू लागल्या. काकाही चारचौघांत "ते बाईंना विचारा" असे म्हणून मोकळे होत. २०२४ च्या पावसाळ्यात, वयाच्या ८६ व्या वर्षी, बाई गेल्या, आणि आता आमच्या घरातली माणसे संगणक देईल त्या जागेवर मुकाट्याने बसून प्रवास करतात.

खिडकी हा मुंबईच्या माणसाचा तसा जिव्हाळ्याचा विषय. लोकलमध्ये खिडकी मिळावी म्हणून माणसे एक-दोन स्टेशने उलटी जाऊन बसून येतात आणि चौथ्या सीटवर टेकलेला माणूस खिडकीवाल्याला "कुठे उतरणार?" असे विचारून आपले नशीब आजमावतो. मात्र यात बघण्याचा संबंध फारसा नसतो. वारा लागावा आणि ऊन लागू नये, एवढीच अपेक्षा असते. बाईंनी या अपेक्षेतूनही धडा काढला होता. पाचवीच्या वर्गात त्या कोडे घालत : विरारचा माणूस सकाळी चर्चगेटला निघाला, तर ऊन त्याच्या डाव्या अंगाला लागते; संध्याकाळी तो उलट दिशेने घरी जातो, तरी ऊन पुन्हा डाव्याच अंगाला लागते; असे का? वर्गातली मुले आधी हसत, मग हात पसरून वर्गातच उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे तोंड करून उभी राहत, आणि सकाळचा पूर्वेचा सूर्य व संध्याकाळचा पश्चिमेचा सूर्य यांचा हिशेब लागला की एकदम आरडाओरडा होई. शेजारच्या वर्गावरचे गुरुजी दारात येऊन बघून जात. मी या वर्गात बसलो आहे, आणि दिशा म्हटले की अजूनही माझे हात आपोआप थोडे वर उचलले जातात, हे चारचौघांत बरे दिसत नाही.

पुस्तकात लिहिलेली गोष्ट जाऊन पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. लोक त्यांना धाडसी म्हणत, पण मला तो शब्द त्यांच्यासाठी कधीच पुरेसा वाटला नाही. धाडसी माणसाला आपण काहीतरी विशेष करतो आहोत याची जाणीव असते. बाईंना ती नव्हती. उद्याच्या पाठाची तयारी करावी तितक्या सहजपणे त्या कळसूबाईवर जात.

त्यांचे माहेर रेवसच्या बाजूचे. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि ६०० हून अधिक माणसे गेली, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्या किनाऱ्यावर असे एकही गाव नव्हते, जिथे कोणाच्या ना कोणाच्या घरी त्या दिवशी माणसाची वाट पाहिली गेली नाही. पुढे कित्येक वर्षे त्यांच्या आईने घरातल्या कोणाला पाण्यावरून जाऊ दिले नाही. मुंबईला जायचे तर खुष्कीच्या मार्गाने वळसा घालून जायचे, असा दंडक होता. बाईंनी तो मोडला तो शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यावर. आईला त्यांनी काय सांगितले ते त्यांनी आम्हाला कधीच सांगितले नाही, पण आयुष्यभर लाँचमध्ये चढल्यावर त्या आधी आकाश बघत, मग पाणी बघत, मग तांडेलाकडे एकदा निरखून पाहत, आणि त्यानंतरच बसत. रेवसला जाताना आम्हा मुलांना त्या डावीकडे बसवीत, कारण त्या बाजूला उरण-करंजाची जमीन दिसत राहते. स्वतः मात्र त्या उजवीकडे, उघड्या समुद्राच्या बाजूला बसत.

काकांना प्रवासाचा मनस्वी तिटकारा होता. गिरगावातून दादरला जाणे त्यांना परगावी जाण्यासारखे वाटे. म्हणून बाई निघाल्या की पहाटे चारला उठून पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देण्याचे काम काका करीत, आणि त्या परत आल्या की गॅलरीत बसून सगळा प्रवास बारकाव्यांसह ऐकून घेत. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या चाळीत हे दृश्य किती विचित्र दिसत असेल याची आज कल्पना येत नाही. शेजारणी बोलत असत. बाई त्यांनाही "तुम्हीही चला" असे म्हणत, आणि गंमत म्हणजे त्यांच्यातल्या दोघी-तिघी खरोखरच जाऊ लागल्या.

मे महिन्याच्या सुट्टीतली एक दुपार मला लख्ख आठवते. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो : एकदा मेच्या मध्याला आणि एकदा जुलैच्या अखेरीस. जुलैत ढग असतात, तेव्हा बघायचे ते मेमध्येच. बाईंनी चाळीच्या चौकात पाट मांडून त्यावर काकांचा स्टीलचा उभट डबा ठेवला आणि आम्हा सगळ्यांना भोवती बसवले. बारा वाजले, तरी डब्याला सावली होती. मुले कुजबुजू लागली, की बाईंचे यंदा चुकले. बाई शांतपणे म्हणाल्या, "घड्याळ अलाहाबादच्या बाजूचं आहे रे, सूर्य आपल्या मुंबईचा आहे. त्याला अजून वेळ आहे." मग त्यांनी सांगितले, की एके काळी मुंबईचे स्वतःचे घड्याळ होते, ते भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे चाले, आणि देशाची एक वेळ ठरल्यानंतरही मुंबईकरांनी ते १९५५ पर्यंत सोडले नव्हते. बारा पस्तीसच्या सुमारास सावली डब्याच्या बुडाखाली शिरली आणि दिसेनाशी झाली. चाळीतल्या कोणीतरी वरच्या मजल्यावरून विचारले, "झालं का? मग डबा वर पाठवा, त्यात डाळ ठेवायचीय." तो आवाज काकांचा होता.

निवृत्त झाल्यावर त्यांना जुन्या विद्यार्थ्यांची टोळी मिळाली आणि कळसूबाई ठरले. १,६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर. बारी गावातून चढायचे, मध्ये लोखंडी शिड्या. पाचवारी साडी खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून साठीच्या बाई निघाल्या. मीही त्या वेळी बरोबर होतो. त्यांची चढण्याची युक्ती मी त्या दिवशी ओळखली. दम लागला की त्या थांबत आणि प्रश्न विचारत. "समोरचा खडक कोणता?" "बेसाल्ट." "तो थर आडवाच का?" मग आम्ही लाव्ह्याच्या प्रवाहांबद्दल जे काही आठवेल ते सांगत असू, आणि उत्तर संपेपर्यंत त्यांचा श्वास जागेवर येई. चढ जितका उभा, तितके प्रश्न लांब. शेवटच्या शिडीखाली त्यांनी सह्याद्रीच्या निर्मितीवर सविस्तर उत्तर मागितले, तेव्हा बँकेत अधिकारी झालेला एक विद्यार्थी हात जोडून म्हणाला, "बाई, आपण नुसतंच बसू या."

त्याच सुमारास, २६ जानेवारी १९९८ रोजी, कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग देशाला अर्पण झाला आणि काही महिन्यांतच आमची वरात रत्नागिरीला निघाली. डब्यात शिरताच सगळ्यांनी उजवीकडच्या खिडक्या पकडल्या, कारण दक्षिणेला जाताना समुद्र उजवीकडे असणार, हे बाईंनीच आम्हाला शिकवले होते. बाई डावीकडे बसल्या. कोणी काही विचारले नाही आणि त्यांनीही काही सांगितले नाही. शिक्षकाचा हा दुष्टपणा त्यांच्यात होता. पनवेल गेले, रोहा गेले, चिपळूण आले, तरी समुद्राचा थेंब दिसेना. डावीकडे मात्र सह्याद्रीची भिंत सकाळपासून सोबत चालत होती. नकाशावर समुद्र जवळ असला म्हणजे खिडकीतून दिसतोच असे नाही, हा धडा घेऊन एकेक जण त्यांच्या बाजूला सरकू लागला. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर लांब बोगद्यात त्यांनी दोन पोरांना घड्याळ लावून वेळ मोजायला सांगितली आणि बाहेर आल्यावर गाडीचा ताशी वेग काढायला लावला. आम्ही रत्नागिरीला उतरणार होतो, पण पुढे पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल आहे हे कळल्यावर बाई उतरायलाच तयार होईनात. तिकीट रत्नागिरीपर्यंतचेच आहे, हे त्यांना दोनदा सांगावे लागले.

हे सगळे त्या टिपून ठेवीत असत हे आम्हाला ठाऊक होते, पण कशात टिपतात ते त्या गेल्यावर कळले. शाळेतला एक कोरा हजेरीपट त्यांनी त्यासाठी वापरला होता. विद्यार्थ्यांच्या नावांच्या जागी स्टेशनांची नावे, तारखांच्या चौकटींत 'उ' आणि 'डा', आणि शेऱ्याच्या रकान्यात शिसपेन्सिलीने, त्या वळणदार अक्षरांत : "मरीन लाइन्स–चर्नी रोड : चर्चगेटकडे येताना उ. पावसाळ्यात लाटा." "भाईंदर–नायगाव : दोन्ही. मध्ये पाणजू बेट." "कसारा : गाडीला मागून इंजिन लावतात. उतरून पाहणे. ३७ फुटांत १ फूट चढ." एका पानावर फक्त "समोर" असे लिहिले आहे. त्याचा उलगडा त्यांच्या शोकसभेत झाला. त्यांचा एक विद्यार्थी मोटरमन झाला होता आणि पेढे घेऊन आला तेव्हा बाईंनी पेढा हातात धरूनच त्याला विचारले होते, "समोरून रूळ लांबवर एकत्र आल्यासारखे दिसतात का रे, की रोज बघून आता तसे वाटत नाहीत?"

या सवयीचा उपयोग काय, असे कोणी त्यांना विचारले नाही, आणि विचारले असते तरी त्यांनी उत्तर दिले नसते. मला मात्र २६ जुलै २००५ ची संध्याकाळ सांगितली पाहिजे. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला अवघा ७३. गिरगावात आम्ही जवळपास कोरडे होतो. काय चालले आहे हे आम्हाला कळलेच नव्हते. धाकटी वहिनी साकीनाक्याला नोकरीला होती. एका दुकानातून तिचा कसाबसा फोन लागला, की सगळे कुर्ल्याच्या दिशेने चालले आहेत, मीही निघते. बाईंनी माझ्या भावाच्या हातातून फोन घेतला. "कुर्ल्याकडे उतार आहे आणि तिथे मिठी नदी आहे. तू तिकडे जायचं नाहीस. असल्फ्याच्या डोंगराची बाजू धर आणि घाटकोपरला उतर. पंतनगरात माझा एक मुलगा राहतो, पत्ता लिहून घे." मुलगा म्हणजे अर्थातच विद्यार्थी. रात्री अकराच्या सुमारास वहिनी त्या घरी पोहोचली, तेव्हा पन्नाशीच्या त्या गृहस्थाने तिला कोरडी साडी दिली, पिठले-भात वाढला, आणि बाई अजूनही कोडी घालतात का, अशी चौकशी केली. वहिनीने ही गोष्ट पुढे इतक्यांदा सांगितली, की बाई कंटाळून म्हणत, "अगं, चौथीच्या पुस्तकात आहे ते, नदी उताराकडे वाहते."

त्यांच्यात दोष नव्हते असे नाही. त्या हेकट होत्या. घरातल्या लग्नांच्या तारखा त्यांच्या सहलींना धरून ठरत. उलट कधी झाले नाही. कोणाला कंटाळा येऊ शकतो, ही गोष्ट त्यांना मान्यच नव्हती, आणि आमच्यातल्या एका जावयाला लाँच लागते हे त्यांनी शेवटपर्यंत ढोंग मानले.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावाशेवा हा अटल सेतू सुरू झाला. साडेएकवीस किलोमीटरहून लांब पूल, आणि तोही बंदरावरून, म्हणजे बाई गप्प बसणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांना जिना उतरायला दोन माणसे लागत. माझ्या भावाने त्यांना खुर्चीवरून खाली आणून गाडीत पुढे बसवले. जाताना डावीकडे तुर्भ्याची बाजू येते आणि तिथे काही अंतरापर्यंत दृष्टी अडवणारे उंच पत्रे लावले आहेत. बाईंना याचा भयंकर राग आला. उजवीकडे घारापुरीचे बेट दिसल्यावर त्या थोड्या निवळल्या आणि लगेच म्हणाल्या, "थांबव." पुलावर गाडी थांबवता येत नाही, दंड होतो, हे भावाने सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, की मग जाऊन-येऊन ३७५ रुपये टोल घेतात तो कशाचा? घरी आल्यावर त्यांनी जाहीर केले, की पूल बघायचा तर तो वरून दिसत नाही, खालून बघितला पाहिजे. रेवसची आणि मोऱ्याची लाँच दक्षिणेकडून जाते, तिचा उपयोग नाही; शिवडीच्या कोळ्यांना विचारा. भावाला वाटले दोन दिवसांत विसरतील. त्या विसरल्या नाहीत, रोज विचारू लागल्या, म्हणून एका रविवारी तो खरोखरच शिवडीला गेला. एक नाखवा तयार झाला. भरतीची वेळ साधली तर म्हातारीला उचलून होडीत बसवतो, म्हणाला. माणशी किती घेणार, यावर मात्र दोघांचे जमले नाही, आणि पुढच्या रविवारी पुन्हा येतो असे सांगून भाऊ परत आला.