सीईटीच्या केंद्राबाहेर

आज भाचीला कर्नाटकच्या सीईटीसाठी, म्हणजे अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या सामाईक प्रवेश परीक्षेसाठी, खानापूरहून बेळगावात आणले आणि दिवसभर केंद्राबाहेरच्या चिंचेखाली बसून राहिलो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या या पोरीला पीयूसीची (अकरावी-बारावीची) दोन वर्षे इंग्रजीशी झगडावे लागले. तरी प्रत्येक विषयाचे तेच 60 प्रश्न बेंगळुरूच्या मुलांपुढेही असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, याचे मला फार मोल वाटते. अभियांत्रिकीच्या क्रमवारीत पीयूसी व सीईटीचे गुण निम्मे-निम्मे धरतात, तेही योग्यच, कारण दोन वर्षांचा अभ्यास एका विषयाच्या 80 मिनिटांच्या पेपरात मावत नाही. प्रश्न मात्र मराठीत नसतात, हे मनाला लागते. बाहेर येताच ती म्हणाली, "मामा, गणित येत होतं, पण एका इंग्रजी शब्दापाशी अडले."