खंडणी की भरपाई?

मी अनेक वर्षे इतिहास शिकवला हे कळले की लोक एक प्रश्न हमखास विचारतात: पहिल्या महायुद्धाचा सगळा दोष जर्मनीच्या माथी मारून तिच्याकडून पैसे उकळले, हा अन्याय नव्हता का, आणि त्यातूनच हिटलर उभा राहिला ना? तुम्हीही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या भाषेत या व्यवहाराला दोन शब्द आहेत. खंडणी घेणारा चूक कोणाची हे विचारत नाही. तो जिंकलेला असतो, तेवढे पुरते. भरपाई मागायची तर मात्र नुकसान कोणी केले हे आधी कागदावर ठरवावे लागते. १८७१ मध्ये जर्मनीने फ्रान्सवर लादलेले ५ अब्ज फ्रँक ही सरळ खंडणी होती. फ्रेंचांनी दातओठ खात ती मुदतीआधी, १८७३ मध्येच फेडली आणि जर्मन फौजा घालवल्या. १९१९ मध्ये ती सोय उरली नव्हती, कारण युद्धविरामापूर्वीच दोस्त राष्ट्रांनी आपण नागरिकांच्या नुकसानीची भरपाई मागू, असे कळवून ठेवले होते.

नुकसान खोटे नव्हते. १९१७ मध्ये उत्तर फ्रान्समधून मागे सरकताना जर्मन सैन्याने गावे पाडली, विहिरी निकामी केल्या आणि फळझाडेसुद्धा तोडली. बागेत नुसते बुंधे उरलेल्या शेतकऱ्याला भरपाईच्या मागणीत सूड दिसला नसणार.

युद्धानंतर १९१९ मध्ये जर्मनीशी झालेल्या व्हर्सायच्या तहातले २३१ वे कलम या हिशेबासाठी होते. ते लिहिणाऱ्यांत जॉन फॉस्टर डलेस हा तरुण अमेरिकी वकील होता. युक्ती वकिली होती: तत्त्वतः सगळ्या नुकसानीची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या मित्रराष्ट्रांची म्हणायची आणि लगेच २३२ व्या कलमात जर्मनीची ऐपत तेवढी नाही हे मान्य करून प्रत्यक्ष मागणी आवरती ठेवायची. कलमात ‘अपराध’ हा शब्दही नाही, आणि ऑस्ट्रिया व हंगेरीच्या तहांतही जवळजवळ तीच भाषा आहे. पण ७ मे १९१९ रोजी, फ्रान्सचा पंतप्रधान आणि शांतता परिषदेचा अध्यक्ष क्लेमांसो उभा राहून बोलल्यानंतर, जर्मन परराष्ट्रमंत्री ब्रॉकडॉर्फ-रांट्झाउ याने बसूनच उत्तर वाचले आणि एकटे आपणच दोषी आहोत ही कबुली आपल्या तोंडी खोटी ठरेल, असे सांगितले. मसुदा नुकताच हाती पडला होता, वाचूनही झाला नव्हता; त्या कलमाचा अर्थ मात्र जर्मनीत तिथूनच पक्का होत गेला.

(त्या तहावर भारताच्या वतीने ब्रिटिश भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी सह्या केल्या. आपले टिळक त्याच वर्षी लंडनमध्ये होते, स्वयंनिर्णयाच्या मागणीचे पत्र त्यांनी क्लेमांसोला धाडले होते, पण त्यांना पॅरिसला जाऊ दिले गेले नाही.)

रकमेबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. १९२१ मध्ये ठरलेला १३२ अब्ज सुवर्णमार्कांचा आकडा भयंकर दिसतो, पण त्यातले ८२ अब्ज ज्या रोख्यांत घातले होते ते बहुतांशी फ्रेंच आणि ब्रिटिश मतदारांच्या समाधानासाठी होते. खरी मागणी ५० अब्जांची. १९३२ मध्ये लोझान येथील परिषदेत भरपाई गुंडाळली गेली तोवर सुमारे २० अब्ज दिले गेले होते, आणि हप्ते हलके करणाऱ्या १९२४ च्या डॉज योजनेनंतरचा पैसा मोठ्या प्रमाणात अमेरिकी कर्जातूनच आला होता. ओझे जड होते, अशक्य नव्हते. झोंबला तो दोष.

आणि हिटलर? १९२८ च्या निवडणुकीत, तहाला नऊ वर्षे होऊनही, त्याच्या पक्षाला २.६ टक्के मते मिळाली. १९३० मध्ये १८.३ टक्के. मधल्या काळात जागतिक मंदी आली होती, तह तोच होता. उत्तरपत्रिकेत ‘व्हर्सायच्या तहातच दुसऱ्या महायुद्धाची बीजे होती’ हे वाक्य दिसले की मीही डोळे मिटून पूर्ण गुण देत असे, हे कबूल करायला हवे.

शेवटचा हप्ता ३ ऑक्टोबर २०१० रोजी भरला गेला. ती भरपाई नव्हती, भरपाई फेडण्यासाठी काढलेल्या कर्जरोख्यांचे तुंबलेले व्याज होते. १९५३ च्या लंडन कराराने ते जर्मनी एक होईपर्यंत पुढे ढकलले होते. पैसे रोखेधारकांना गेले. ज्यांच्या बागा तोडल्या त्यांचे नाव त्या हिशेबात कुठे नव्हते.