तुम्ही विचारलंत म्हणून: पडताळणी हवी की नको?

प्रवेशाचे दिवस आले की हा प्रश्न येतोच. कधी स्टाफरूममध्ये, कधी एखाद्या पालकाच्या फोनवर. "मॅडम, तुम्ही बोगस आदिवासींच्या विरोधातल्या मोर्चाला जाता आणि पडताळणी समितीच्या नावानेही बोटं मोडता. मग व्हॅलिडिटी हवी की नको?" व्हॅलिडिटी म्हणजे जमातीचा दाखला खरा आहे असं पडताळणी समितीने तपासून दिलेलं प्रमाणपत्र. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते.

हवी. मी महादेव कोळी, अकोले तालुक्यातली. राज्यात अनुसूचित जमातींना ७ टक्के आरक्षण आहे आणि २०११ च्या जनगणनेत आमची लोकसंख्या ९.३५ टक्के होती. म्हणजे जागा मुळातच अपुऱ्या. त्यातली मेडिकलची एक जागा चुकीच्या हाती गेली, की आश्रमशाळेतून बारावी झालेलं एक पोर गावी परत जातं. त्याचं नाव कुठल्याही निकालपत्रात येत नाही, म्हणून ते गेलं हेही कुणाला कळत नाही. कोळी आणि महादेव कोळी, हलबा-कोष्टी आणि हलबा, यांतलं पहिलं नाव जमातींच्या यादीत नाही, दुसरं आहे; नावातल्या अशा साम्याच्या आधाराने किती दावे झाले ते तुम्हाला माहीत आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की दावा अवैध ठरला तर त्यावर मिळवलेला लाभ काढून घ्यावाच लागेल. तरी डिसेंबर २०१९ मध्ये राज्य सरकारने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य, म्हणजे मंजुरीपेक्षा जादा, पदांवर नेमून सेवेत ठेवलं. त्यांचीही घरं आहेत, मुलंबाळं आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाने जाणूनबुजून फसवलं असं मी म्हणत नाही. पण ज्यांना ती नोकरी कधी मिळालीच नाही, त्यांच्या घरांचा विचार कुठल्या शासन निर्णयात झाला? मी मोर्चाला जाते ती यासाठी.

मग राग कशाचा? त्यासाठी माझ्या मेडिकल प्रवेशाच्या वेळी समितीपुढे झालेल्या सुनावणीचं सांगायला हवं.

माझे आजोबा शाळेची पायरी चढले नाहीत. त्यामुळे १९५० च्या आधीचा आमच्या घरातला शाळेचा कागद एकच, चुलत आजोबांचा जनरल रजिस्टरचा उतारा. त्यात गुरुजींनी जातीपुढे 'हिंदू कोळी' एवढंच लिहिलेलं. डोंगरातल्या त्या गावात कोळी म्हणजे कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे जास्त लिहायचं कारणच नव्हतं. पण १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यात महादेव कोळी असल्याचा दावा फेटाळला गेला, त्यात वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावरचं 'हिंदू कोळी' हा एक मोठा आधार होता. खोटा दावा पकडून देणारे हेच दोन शब्द आमच्या खऱ्या कागदावरही होते.

आणि मग सगळा भार आला आप्तभाव चाचणीवर. जमातीच्या चालीरीती, देवदेवता, लग्नाच्या आणि मर्तिकाच्या पद्धती तुम्हाला माहीत आहेत का, हे पाहणारी चाचणी. समितीचं चौकशी करणारं दक्षता पथक घरी येऊन गेलं होतं. सुनावणीला मी, आबा म्हणजे माझे वडील, आणि आजी. आबा कल्याणला पोस्टात. हॉस्टेलात मुलं बोलण्यावरून चिडवायची म्हणून त्यांनी चौदाव्या-पंधराव्या वर्षीच गावची बोली तोंडातून काढून टाकली होती. आमच्याशीही ते कधी त्या बोलीत बोलले नाहीत. त्यांना विचारलं, "वाघबारस कशी करता?" आबा म्हणाले, "साहेब, आम्ही आता दिवाळीच करतो. दिवाळीत पोस्टात काम जास्त असतं, गावी जाणं होत नाही." खरं तेच सांगितलं त्यांनी. लग्नातल्या विधींबद्दल विचारलं. आबांचं लग्न कल्याणला हॉलमध्ये झालेलं, भटजी लावून. तेही त्यांनी तसंच सांगितलं. आजी मधेच बोलायला लागली, वाघबारसेला वाघोबाला गुराखी पोरं कशी खीर करतात, कुणाच्या वाड्यातून दूध येतं, तर तिला थांबवलं गेलं. "प्रश्न यांना आहे." आबांनी खाली पाहिलं. आयुष्यभर ज्या गोष्टीवरून लोक हसू नयेत म्हणून त्यांनी ती झाकली, तीच आता टेबलावर मांडा म्हणून सांगत होते, आणि झाकता झाकता तिच्यातलं बरंच हरवलेलं. अहवालात लिहून आलं की अर्जदाराच्या वडिलांना जमातीच्या चालीरीतींची माहिती नाही. दावा अवैध.

त्या दिवशी बाहेरच्या बाकावर माझ्याच वयाचा एक मुलगा बसला होता. हातात झेरॉक्सचे कागद. ओठ हलत होते. कळसूबाई, वाघोबा, बोहाडा, सगळं तो तोंडी परीक्षेसारखं पाठ करत होता. तेव्हा मला वाटलं, हा खोटा. खूप वर्षं मी हा प्रसंग तसाच सांगितला. आता सांगताना थांबते. तोही एखाद्या पोस्टमनचा किंवा कंडक्टरचा, शहरात वाढलेला, अस्सल महादेव कोळी मुलगा असेल आणि त्याच्या बापाने माझ्या बापापेक्षा जास्त शहाणपणा केला असेल. त्याच्याकडे बघून मला काय कळणार होतं? आणि आतल्या साहेबांना तरी काय कळलं असेल?

आम्ही हायकोर्टात गेलो. फेरचौकशी झाली, एका चुलत काकांची वैधता निघाली, गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी निघाल्या, आणि मला वैधता मिळाली. मेडिकलची जागा तोवर गेली होती. मी बीएस्सी केलं, वनस्पतीशास्त्र शिकवते. "पण शेवटी न्याय मिळालाच ना?" असं म्हणणाऱ्यांशी मला बोलता येत नाही.

त्यानंतर कोर्टांनी बरंच सुधारलं, हे मान्य करते. रक्ताच्या नात्यातली वैधता असेल तर ती ग्राह्य धरावी, असं २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं. स्थलांतर आणि शिक्षणामुळे जुन्या खुणा जुळतीलच असं नाही, हे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिहिलं. मार्च २०२३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने आप्तभाव चाचणी ही निर्णायक कसोटी नव्हे, असं ठरवलं. तो निकाल मी आबांना वाचून दाखवला. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे माझं चुकलं नव्हतं."

विशीतली मी आज समोर असती तर म्हणाली असती, मग झालं, चाचणी काढूनच टाका, कागद आणि नातं बघा. तिला मी विचारेन, रजिस्टरमध्ये 'कोळी'च्या आधी वेगळ्या शाईत 'महादेव' घुसडणाऱ्याचं काय करशील? कागदाच्या खेळात तोच पुढे असतो. ओळखीचा हेडमास्तर त्याच्याकडे, वकील त्याच्याकडे, एका चुकीच्या वैधतेवर उभी राहिलेली अख्खी वंशावळही त्याच्याकडे. तिथे एखाद्या जाणत्या संशोधन अधिकाऱ्याने गावात जाऊन म्हाताऱ्या माणसांशी चार गोष्टी बोललेल्या मला हव्याच आहेत. फक्त त्याने माझ्या आजीला गप्प करू नये. जमात काय असते हे त्या खोलीत सर्वांत जास्त तिला माहीत होतं.

पण यावर ती विशीतली मुलगी गप्प बसणार नाही. ती म्हणेल, ज्याच्याकडे आजीही नाही आणि कागदही नाही, त्याचं काय? वीटभट्टीवर जन्मलेल्या कातकरी मुलाचं? कायद्याने सिद्ध करायची जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे. ज्याच्या बापाची कुठे नोंदच नाही, त्याने काय सिद्ध करायचं? माझं म्हणणं आहे की कातकरी, कोलाम, माडिया गोंड यांच्यासाठी तरी सरकारने स्वतः पाड्यापाड्यावर जाऊन नोंदी कराव्यात आणि पुराव्याचं ओझं आपल्या अंगावर घ्यावं. बोगस दावेदार त्यातही घुसतील का? घुसतील, आणि मला त्याची धास्ती वाटते. तरीही मी हेच मागेन. यावर तुमच्याकडे काही उत्तर असेल तर ते ऐकायला मी तयार आहे. पण पुढच्या वेळी "हवी की नको" एवढंच विचारू नका.