ग्रीगचा एकुलता एक सोनाटा

नॉर्वेतील बर्गेनला राहायला आल्यापासून पावसाइतकीच एडवर्ड ग्रीग या इथल्या संगीतकाराच्या पियानो कन्चेर्टोचीही (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेची) सवय झाली आहे. दोन्ही टाळू म्हटले तरी टळत नाहीत. त्याच्या ई मायनर सोनाट्याची, म्हणजे एकट्या पियानोसाठीच्या अनेक भागांच्या रचनेची (ओपस, म्हणजे रचना क्रमांक, ७) ओळख मात्र बऱ्याच उशिरा झाली. ट्रोल्डहाउगेन या त्याच्या घराच्या आवारातील छोट्या सभागृहात एका दुपारी तो ऐकला आणि इतकी वर्षे आपण याला कसे चुकलो, याचे नवल वाटले.

ग्रीगने पियानोसाठी पुरा केलेला हा एकच सोनाटा. १८६५ च्या उन्हाळ्यात, डेन्मार्कमधील रुंगस्टेड येथे, वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याने तो लिहिला. सुरुवातीचे खाली उतरणारे स्वर आहेत ई, एच आणि जी (आपण ज्याला 'बी' म्हणतो, तो जर्मन पद्धतीत 'एच'), म्हणजे एडवर्ड हागेरुप ग्रीग या नावाची आद्याक्षरे! मोठ्या रचनेचा घाट ग्रीगला पेलत नसे, ही टीका पहिल्या भागाच्या मधल्या विस्तारापुरती मलाही पटते. पण तिसऱ्या भागातील मिन्युएटचा (तीन मात्रांच्या एका जुन्या नृत्यप्रकाराचा) करारी ठेका ऐकताना ती आठवतही नाही.

आईच्या बाजूने ग्रीगशी नाते सांगणाऱ्या ग्लेन गूल्ड या कॅनेडियन पियानोवादकाचे ध्वनिमुद्रण विलक्षण आहे; त्यात प्रत्येक स्वररेषा सुटी करून दाखवल्यासारखी स्पष्ट होते, मात्र त्या नादात तरुण ग्रीगची उतावीळ काहीशी हरवते. ती लाईफ ओव्ह आन्स्नेस या नॉर्वेजियन वादकाकडे आहे, आणि कोणाला पहिल्यांदा ऐकवायचे झाल्यास मी त्याचेच ध्वनिमुद्रण सुचवीन.

मी स्वतः मात्र पुन्हा पुन्हा वळतो ते १९०३ च्या तबकड्यांकडे. कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे ज्या ग्रामोफोन कंपनीने मुद्रित केले, तिनेच त्यानंतर जेमतेम सहा महिन्यांनी पॅरिसमध्ये साठीला टेकलेल्या ग्रीगला पियानोवर बसवले. तबकडीच्या एका बाजूला काही मिनिटेच मावत असल्याने अखेरचा भाग त्याला कापून वाजवावा लागला; ख्याल तीन मिनिटांत आटोपणाऱ्या आपल्या जुन्या गवयांचीच ही अडचण. खरखर इतकी, की खालचे स्वर अंदाजानेच ओळखावे लागतात. तरीही मिन्युएटमध्ये तो लय जिथे सैल सोडतो आणि जिथे पुन्हा आवळतो, त्या जागा नीट कळतात, आणि हातात स्वरलिपी घेऊन पाहिले तर त्यांतील कित्येक तिच्यात लिहिलेल्याच नाहीत.