बायका घोरत नाहीत

आमच्याकडे बायका घोरत नाहीत. म्हणजे घोरतात, पण घोरत नाहीत. सासरे घोरायचे तर ते घरात कौतुकाने सांगायचे, बाबा झोपले की वाड्यातली मांजरं पळतात वगैरे, आणि दीर घोरतो त्याच्यावर तर प्रत्येक ट्रिपला तेच ठरलेले जोक होतात आणि तोही हसतो. मी घोरते हे मात्र नवऱ्याने मला लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर सांगितलं, ते पण दार लोटून, हळू आवाजात, जसं काही किराणावाल्याची उधारी थकलीय.

मी अर्थातच नाही म्हणाले. मग त्याने मोबाईलवर रेकॉर्डिंग ऐकवलं. पहिल्यांदा वाटलं मागच्या प्लॉटवर बोअर मारतायत. बरं तेही चाललं असतं, पण त्यात मध्येच सगळं बंद व्हायचं. काहीच नाही, नुसता फॅनचा आवाज. नवरा बोटं मोजत बसला होता, आठ, नऊ, दहा, अकरा, आणि सतराव्याला एक जोरात गुरकावणं आणि बोअर परत चालू. "घोर की, पण हे मधलं जे आहे ना ते मला झेपत नाही," एवढंच म्हणाला. २०२२च्या फेब्रुवारीत बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास बंद पडण्याचं दुखणं, सांगितलेलं, टीव्हीवर ते दिवसभर चालू होतं, तेव्हापासून हा रात्री मोजत होता म्हणे. मला पत्ता नाही.

पत्ता नाही हे पण अर्धं खोटं. मला आतून माहीत होतंच. कारण लग्नकार्याला गेलं की मी झोपायचे नाही. कार्यालयात बायकांच्या हॉलमध्ये ओळीने गाद्या टाकतात, एकीचे पाय दुसरीच्या डोक्याशी, बांगड्या, कुजबुज, कोणाचं तरी तान्हं बाळ, आणि मी मात्र आचाऱ्याकडे चहाला बघते, हार मोजते, अक्षता बांधून ठेवते असं करत पहाट करायचे. "हिला कामाचा किती उत्साह" असं नाव झालं माझं. तशाच एक आमच्या माई, नवऱ्याच्या थोरल्या आत्या. त्या कुठल्याही लग्नात हॉलमध्ये झोपत नाहीत, रुखवताच्या खोलीत झोपतात, राखायला. माईंसारखी जबाबदारी कोणी घेत नाही, असं आमच्याकडे सगळे म्हणतात.

असो. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या पाळी गेल्यावर बायकांमध्ये हे वाढतं, पण बायका घोरते असं सांगत येतच नाहीत, दमायला होतं, झोप लागत नाही, सकाळी डोकं दुखतं असं सांगत येतात. मी गप्प बसले, कारण मी दोन वर्षं दुसरीकडे हेच सांगून लोहाच्या गोळ्या खात होते. शाळेत सुपरव्हिजनला डुलक्या काढणाऱ्या बाई म्हणून पोरांमध्ये मी फेमस होते, माझ्या वर्गावर नंबर आला की पोरं खूश व्हायची.

टेस्ट म्हणजे एक रात्र डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून झोपायचं. रिपोर्ट आला, तासाला ३८. म्हणजे तासाला ३८ वेळा श्वास बंद पडतो नाहीतर अर्धवट होतो, आणि दहा सेकंदांच्या आतलं असेल तर ते धरतच नाहीत. तीसच्या वर गेलं की गंभीर. मी गणिताची बाई, रिक्षातच हिशोब केला. सात तास झोप म्हणजे २६६ वेळा, कमीत कमी दहा सेकंद धरले तरी २६६० सेकंद, म्हणजे रोज रात्री पाऊण तास माझा श्वास धड चालत नाही. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "मग मी काय म्हणत होतो."

यावर उपाय म्हणून सीपॅप नावाचं मशीन घरी आलं. डब्याएवढं, शेजारी पाण्याची छोटी टाकी, सहा फुटांची नळी आणि नाकावर बसवायचा सिलिकॉनचा मास्क. किंमत सांगत नाही, नवऱ्याने तीन वेळा "स्कूटर" हा शब्द उच्चारला यावर समजून घ्या. काम तसं साधं आहे, झोपेत घशातले स्नायू सैल पडतात आणि वाट मिटते, तर हे मशीन सतत वारा आत ढकलून ती वाट उघडी ठेवतं. ऑक्सिजन वगैरे नाही, खोलीतलीच हवा. सासूबाई अजून सगळ्यांना सुनेला ऑक्सिजन लावलाय असं सांगतात, मी नाद सोडला.

मशीन लावायला आलेला मुलगा म्हणाला, मॅडम तुमचं प्रेशर सहा ते बारा ठेवलंय. सहा ते बारा काय? तर सेंटिमीटर पाणी. एवढं डोक्यात आलं की मला राहवतंय का, तो गेल्यावर उंच फुलपात्रात पाणी भरून स्ट्रॉ पट्टीने मोजून दहा सेंटिमीटर बुडवली आणि फुंकलं. बुडबुडे यायला जेवढा जोर लागला तेवढा तो वारा. काहीच नाही हो. वातावरणाच्या दाबाच्या शंभराव्या भागाइतका. एवढ्याशा फुंकरीसाठी माणूस वर्षानुवर्षं गुदमरत झोपतो.

पण फुलपात्र वेगळं आणि नाक वेगळं. पहिल्या रात्री मास्क लावला आणि असं वाटलं की मोटरसायकलवर बसून घाट उतरतेय आणि कोणीतरी तोंड मिटून ठेव म्हणतंय. तोंड उघडलं की नाकातून आत गेलेला वारा तोंडातून भसकन बाहेर, स्वतःच स्वतःला दचकायला होतं. श्वास सोडताना समोरून कोणी ढकलतंय असं वाटतं. आणि मास्क फुसफुसत होता, डाव्या बाजूने हवा सुटून थेट डोळ्यात. पट्टा आवळला, अजून आवळला, गालावर वळ उठले तरी फुस्स. अंबाडा आडवा येत होता म्हणून केस सोडून खाली सैल वेणी घातली. तरी फुस्स. रात्री दीड वाजता नवऱ्याने टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, "अगं, चमकी."

चमकी! सातवीत असताना आईने टोचून आणली तेव्हापासून ती नाकात आहे, मधे एकदा कान नाक घसा वाल्यांनी काढायला लावली तेवढीच. सिलिकॉनची ती मऊ कड बरोबर खड्यावर चढत होती आणि तिथून वारा निसटत होता. मळसूत्राची आहे, झोपेत बोटांना सापडत नाही, बाथरूमच्या आरशासमोर उभी राहून फिरवून फिरवून काढली. सासूबाईंना सकाळी कळलं तर म्हणाल्या सवाष्णीचं नाक मोकळं नको. मी म्हटलं नाक मोकळं करण्यासाठीच तर चाललंय सगळं. त्यांना ते आवडलं नाही पण काही बोलल्या नाहीत. आता रोज रात्री चमकी विक्सच्या जुन्या झाकणात आणि सकाळी दात घासायच्या आधी परत नाकात. दोनदा झाकणासकट पडली, एकदा पलंगाखाली सापडली आणि एकदा पाऊण तास शोधून माझ्याच पदरात.

पाण्याच्या टाकीला डिस्टिल्ड वॉटर लागतं. सुरुवातीला फिल्टरचं घातलं तर आठवड्यात गिझरसारखा पांढरा थर. डिस्टिल्ड म्हटल्यावर मला आठवला तो इन्व्हर्टरच्या बॅटरीवाला, तिथे गेले, त्याने विचारलं कुठली बॅटरी, मी म्हटलं नाकाला लावायचंय, तो कॅन हातात धरून तसाच उभा. शेवटी म्हणाला, मॅडम मेडिकलमधून घ्या. डिसेंबरात साताऱ्याची थंडी पडली तर वेगळीच गंमत, मशीनमधून निघालेली कोमट दमट हवा थंड नळीत येईपर्यंत तिचं पाणी होतं आणि मध्यरात्री नाकाशी गुडगुडायला लागतं. हुक्का ओढतेय की काय असं वाटलं. मग मुलाच्या जुन्या स्वेटरच्या दोन्ही बाह्या कापून एकाला एक जोडल्या आणि नळीला चढवल्या. निळ्यावर पांढरी बदकं. बघणाऱ्याला सोंडच वाटते, आणि तो हत्तीचा जोक आता कृपा करून कोणी करू नका, घरात सगळ्यांचा करून झालाय.

हे जे आज खोक्यात मावतं ते आलं कुठून म्हणून वाचत बसले. १९८० साली सिडनीमध्ये डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी पहिल्यांदा एका पेशंटवर हे करून बघितलं, व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी लावून. ओढायच्या ऐवजी फुंकायची. मास्क रोज रात्री चेहऱ्याला चिकटवावा लागायचा. आणि त्याआधी या दुखण्यावर खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडणं! १९८१ साली हे लॅन्सेटमध्ये छापून आलं. ते वाचल्यावर मी दोन-तीन दिवस चमकीबद्दल कुरकुर केली नाही.

आता खरा त्रास सांगते. मार्क. या मशीनचं अ‍ॅप असतं, ते सकाळी शंभरपैकी मार्क देतं. पहिल्या दिवशी मला ३१. एकतीस! मी दहावीला गणितात शंभरपैकी ९६ पाडलेली बाई. नवरा म्हणाला काठावर नापास. मग मी मार्किंग स्कीम काढली, कारण पेपर कसा तपासतात हे कळल्याशिवाय अभ्यास करण्यात अर्थ नाही. तासाला दहा असे सात तासांचे ७० मार्क नुसतं मशीन लावून ठेवण्याचे. मास्कमधून हवा गळली नाही तर २०. रात्रीत मास्क कितीदा काढला-घातला त्याचे ५. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तासाला श्वास कितीदा थांबला, त्याचे फक्त ५! सत्तर मार्क हजेरीला, मला आमचे जुने हेडसर आठवले.

पण एकदा स्कीम कळली की माझ्यातली विद्यार्थिनी जागी झाली. मशीनला तुम्ही झोपलाय का जागे आहात ते कळत नाही, फक्त मास्कमधून श्वास चालू आहे एवढं कळतं. म्हणून मी रात्री साडेआठलाच मास्क लावून सिरीयल बघायला बसायला लागले. ही सरळ सरळ कॉपी होती, पण डॉक्टरीणबाईंना घाबरत घाबरत सांगितलं तर म्हणाल्या, उत्तम, सवय व्हायला आम्ही हेच करायला सांगतो. माझी कॉपी तिथे प्रॅक्टिकल म्हणून धरली गेली. फक्त मास्क लावून बोलता येत नाही, त्यामुळे सिरीयल चालू असताना मी काही बोलत नाही, आणि नवऱ्याच्या मते मशीनचा हा पहिला दिसलेला फायदा. त्याची तक्रार वेगळी आहे, उच्छ्वास बाहेर जायला मास्कला बारीक भोकं असतात आणि मी त्याच्याकडे कूस वळवली की तो गार झोत बरोबर त्याच्या मानेवर. तो थंडीत माकडटोपी घालून झोपला. दोघांना शेजारी शेजारी बघून मुलगा म्हणाला तुम्ही कुठल्या मोहिमेवर निघालायत का.

महिन्याभराने तासाला तीनवर आलं. सकाळचं डोकं दुखणं गेलं. रात्री तीनदा उठून बाथरूमला जायचे ते एकदम बंद, मी ते वयावर टाकलेलं. आणि मार्चमध्ये बोर्डाच्या पेपरला सलग तीन तास उभी राहिले आणि दोन चिठ्ठ्या पकडल्या. पोरं म्हणाली बाईंना काय झालं.

मग मे महिन्यात पुतणीचं लग्न, कराडला. मी म्हटलं घरूनच पहाटे येते, तर जाऊबाई ऐकेनात. मशीन नेलं बरोबर, एक्सटेन्शन बोर्ड घेऊन. हॉलमध्ये गाद्या पडल्या, मी मुद्दाम भिंतीकडची घेतली, प्लग शेवटी स्टेजच्या मागे सापडला तिथून वायर ओढली, चमकी झाकणात, बदकवाली नळी गळ्यात, आणि पंचवीस बायकांच्या देखत मास्क लावला. दोन मिनिटं कुजबुज झाली, एका चिमुरडीने जवळ येऊन नळीला हात लावून बघितला, मग ज्या त्या आपापल्या बांगड्या काढायच्या नादात.

माई यावेळी शेजारच्या गादीवर होत्या. कार्यालयवाल्यांनी रुखवताच्या खोलीला कुलूप घातलेलं आणि किल्ली द्यायलाच तयार नव्हते. मी किती वेळ झोपले माहीत नाही, जाग आली तेव्हा सगळीकडे अंधार आणि माई गादीवर बसलेल्या, ताठ, भिंतीला टेकून, पदर घट्ट लपेटून. मला वाटलं माझ्या मशीनचा त्रास होतोय. मास्क सरकवून विचारलं, "माई, आवाज होतोय का? झोपला नाहीत?"

"नाही गं. आवाज कसला, एवढा नाही." मग थोडा वेळ काही नाही. मग अगदी हळू, "त्यानं थांबतं का गं? घोरायचं?"

"थांबतं."

"माझ्याकडे धर जरा बघू."

मी मास्क काढून त्यांच्या गालाशी धरला. हवा जोरात सुटली, त्यांच्या कानावरचे पांढरे केस उडाले, त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ तशाच बसल्या. पलीकडे कोणाचं तरी बाळ किरकिरलं आणि गप्प झालं.

"वारा बराय," माई म्हणाल्या. मग कुलूप लावलेल्या खोलीकडे बघत, "आणि ते रुखवत तरी कोण चोरून नेतंय गं. चाळीस वर्षं राखतेय, एक करंजी गेली नाही अजून."