मावशी, मिशी आणि कोपनहेगन

दिवाळीला लेक आली होती कोपनहेगनहून. एका रात्री चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन तिनं लॅपटॉप उघडला. "बाबा, जुना डॅनिश सिनेमा बघूया. भाषा कळायची गरज नाही, तुम्ही यात काम केलंय."

सिनेमाचं नाव ‘चार्ल्स टांटे’, साल १९५९, दिग्दर्शक पॉल बँग. डॅनिशमध्ये आईची बहीण ‘मोस्टर’, बापाची बहीण ‘फास्टर’, आणि ‘टांटे’ दोघींनाही चालतं, असं लेकीनं सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे मावशीच की! ब्रँडन थॉमसचं मूळ इंग्रजी नाटक ‘चार्लीज आंट’ लंडनला १८९२ साली लागलं, अत्र्यांनी त्याची ‘मोरूची मावशी’ केली आणि तिकडं डॅनिश लोकांनी ही टांटे. पोरींना भेटायला बोलावलंय, घरात वडीलधारी बाई पाहिजे, खरी मावशी वेळेवर येत नाही, मग मित्रालाच लुगडं नेसवायचं. एवढ्या भांडवलावर सव्वाशे वर्षं माणसं हसतायत.

डेन्मार्कची मावशी म्हणजे डिर्क पासर. उंच, ढांगळा माणूस. तिकडं त्याचं नाव आपल्याकडच्या दादा कोंडक्यांसारखं घरोघरी. १९८० मध्ये कोपनहेगनच्या टिवोली बागेत प्रयोगाच्या तोंडावर, विदूषकाच्या वेषातच कोसळला आणि गेला. लेकीनं हे सांगितल्यावर चिवडा खाणारे माझे हात थांबले.

खरं सांगतो, निम्म्या संवादांचा अर्थ तिनं सांगितला, निम्मे मी तिला सांगितले.

आमच्या सांगलीला पुरुषानं लुगडं नेसण्याचं काय कौतुक? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हापासून बायकांची कामं पुरुषच करत आले. पण बालगंधर्वांचं काम वेगळं आणि मावशीचं वेगळं. गंधर्व पुरुष आहेत हे प्रेक्षकानं विसरायचं. मावशी पुरुष आहे हे प्रेक्षकानं क्षणभरही विसरायचं नाही, विसरायचं फक्त स्टेजवरच्यांनी. म्हणून मावशी फार छान दिसली की नाटक पडलं. ‘मोरूची मावशी’तले विजय चव्हाण हे पुरतं ओळखून होते. ‘टांग टिंग टिंगा’ला नाचताना बाईपण आणि बाप्येपण दोन्ही एकदम दिसायचं. पासरकडंही तेच आहे. भाषा नाही कळली तरी ते कळतं.

मला ते कळायला १९८८ चा गणपती लागला. विश्रामबागेतल्या आमच्या कॉलनीत मावशीचा एक प्रवेश बसवला होता, आणि मावशी मी. वय चोवीस, मिशी झुपकेदार. ती काढली त्या दिवशी वडील जेवायलाच बसले नाहीत. "बाप जिवंत असताना मिशी काढतात व्हय रे?" आईनं मात्र तिचं हिरवं इरकल काढून दिलं आणि स्वतः काष्टा घातला.

आमच्या प्रवेशाआधी बायकांचं हळदीकुंकू होतं. मी मांडवाच्या मागं, जनरेटरच्या अंधारात, संवाद पुटपुटत उभा. एवढ्यात पलीकडच्या गल्लीतल्या एक आजी आल्या. मोतीबिंदू झालेला, हातात कुंकवाचा करंडा.

"काय गं, एकटी का उभी? कुणाची सून म्हणायची?"

तोंड उघडलं तर आवाज फुटणार. मी नुसती मान खाली घातली. ते त्यांना फारच आवडलं. "लाजती बघा पोर!" त्यांनी कुंकू लावलं, पदर पसरायला लावला आणि तांदूळ, नारळ, जांभळा खण असं सगळं ओटीत घातलं. वर आशीर्वाद दिला. तो इथं लिहीत नाही.

तसाच स्टेजवर गेलो. नीट सांगायचं तर माझी मावशी पडली. एका आजीला खरी वाटली म्हणजे बाकीच्यांना काय हसू येणार? शेवटी पदर सुटून आतला बनियन दिसला, तेव्हा कुठं पहिली शिट्टी आली.

दुसऱ्या दिवशी आजींना कुणीतरी सांगितलं. आई नारळ आणि खण घेऊन त्यांच्याकडं गेली. आजींनी परत घेतलं नाही. "दिलेली ओटी काय माघारी घेत्यात?" म्हणाल्या, "सून आली की तिला दे."

जांभळा खण मग बायकोला गेला. तिनं त्याचा ब्लाऊज शिवला, आणि सिनेमा बघताना ती शेजारीच बसून माझ्याकडं बघत हसत होती, पासरकडं नव्हे.