करंजी: कोरडं सारण, ओलसर पारी आणि चार जोडी हात

करंजी बिघडते ती बहुतेक वेळा ओलाव्यापायी. सारणात ओल राहिली तर करंजी तेलात फुटते, नाहीतर दोन दिवसांत मऊ पडते. उलट पारीतली ओल उडून गेली तर कडा एकमेकींना धरत नाहीत. आत कोरडं आणि बाहेर ओलसर, दोन्ही एकाच वेळी सांभाळायचं, ही या पदार्थाची खरी गोम. मोहन, म्हणजे पिठात ओतायचं कडकडीत तूप, किती, रवा किती, तुपात तळायचं की तेलात, यावर प्रत्येक घराचं वेगळं मत असतं आणि त्यातली बरीचशी मतं आपापल्या जागी बरोबर असतात. ओलाव्याच्या बाबतीत मात्र मतभेदाला जागा नाही.

म्हणूनच करंजी एकट्यादुकट्याने करायचा पदार्थ नव्हे. लाटलेली पारी चालू पंख्याखाली तीन-चार मिनिटं उघडी राहिली की वरून सुकते. भरून ठेवलेल्या करंज्याही वाट बघत बसत नाहीत. त्यामुळे एकाने लाटायचं, दुसऱ्याने भरायचं, तिसऱ्याने कातणं फिरवायचं किंवा मुरड घालायची आणि चौथ्याने कढईपाशी उभं राहायचं, अशी साखळी लागते. दोघंच असाल तर पाच-पाचच्या घाण्याने करा: पाच लाटा, पाच भरा, पाच तळा. चाळीस लाटून मग भरायला बसलात तर शेवटच्या दहा हमखास उकलतील.

प्रमाण चाळीस मध्यम करंज्यांचं देते. पारीसाठी मैदा २५० ग्रॅम, बारीक रवा १२५ ग्रॅम, तूप ५० ग्रॅम म्हणजे साधारण साडेतीन मोठे चमचे, चिमूटभर मीठ आणि दूध १५० ते १८० मिलिलिटर. सारणासाठी सुकं खोबरं २५० ग्रॅम, पिठीसाखर २०० ग्रॅम, खसखस २५ ग्रॅम, कणीक किंवा बारीक रवा ३० ग्रॅम, चारोळ्या आणि काजूचे बारीक तुकडे मिळून ४० ग्रॅम, वेलचीपूड एक चमचा, जायफळ चवीपुरतं. वाटीच्या मापाने केलं तरी चालतं, पण खोबऱ्याचा कीस वाटीत सैल पडतो की दाबून बसतो यावर सगळा गोडवा बदलतो. खोबरं तरी वजनावर घ्या.

सारण आदल्या दिवशी करून ठेवावं. खोबऱ्याची वाटी किसण्याआधी तिचा एक तुकडा चावून बघा. खवट खोबरं भाजल्याने सुधारत नाही आणि एकच खवट वाटी सगळ्या सारणाला वास लावते. पाठीवरची तपकिरी साल सोलाण्याने काढली तर सारण पांढरंशुभ्र दिसतं, चवीत फारसा फरक पडत नाही. आधी खसखस कोरडी भाजायची, तडतडायला लागली की उतरवायची. मग चमचाभर तुपावर कणीक खमंग होईपर्यंत. खोबरं शेवटी, मंद आचेवर, सात-आठ मिनिटं. कीस हाताला कुरकुरीत लागला आणि कडांना फिकट बदामी छटा आली की गॅस बंद करून लगेच परातीत काढायचा. गरम कढईत तसाच ठेवला तर तो तिथे भाजतच राहतो आणि कडवटपणा येतो.

आता थांबायचं. खोबरं पूर्ण गार झाल्याशिवाय साखर घालायची नाही. कोमट खोबऱ्यातही साखर पाझरते, सारणाचे खडे होतात आणि ती ओल पुढे पारीत उतरते. गार खोबरं हाताने चुरायचं, साखर चाळून घालायची आणि सगळं हलक्या हाताने एकत्र करायचं. हे काम चार-पाच वर्षांच्या मुलांना खुशाल द्यावं. वेलदोडे सोलणं हेही त्यांचंच. मूठभर सारण दाबून बघा: जेमतेम मुटका व्हावा आणि बोट लावताच मोडावा. मोडलाच नाही तर सारण ओलं आहे, परातीत पसरून तासभर उघडं ठेवा. बेदाणे माझ्या मते घालूच नयेत. त्यांच्यातली ओल करंजीत अडकते आणि जिथे बेदाणा टेकलेला असतो तिथेच पारी मऊ पडते.

ओल्या नारळाची करंजी हा वेगळा पदार्थ आहे. चवीला सुरेख, पण ती त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवायची. डब्यात भरून ठेवायची ती सुक्या खोबऱ्याचीच.

पारीसाठी रवा-मैदा एकत्र करून त्यात कडकडीत मोहन ओतायचं. हाताला सोसवेल इतपत निवलं की दोन्ही तळव्यांत पीठ चोळत राहायचं, प्रत्येक कणाला तूप लागेपर्यंत. मुठीत दाबलं की मुटका वळला तर मोहन पुरेसं. मोहन कमी पडलं तर करंजी कडक होते आणि दाताला चिवट लागते. जास्त झालं तर ती तेलात विरघळल्यासारखी सुटते. दूध थोडं थोडं घालून पुरीच्या पिठापेक्षाही घट्ट भिजवायचं आणि ओल्या फडक्याखाली दोन तास ठेवायचं. रवा दूध पिऊन फुगतो, त्याला तेवढा वेळ लागतोच. अर्ध्या तासात लाटायला घेतलं तर रव्याचे कण टोचतात आणि पारीच्या कडा चिरतात. मग कुटणं. पूर्वी पाट्यावर वरवंट्याने कुटत, आता फूड प्रोसेसरमध्ये लहान लहान गोळे घालून दोन-तीन वेळा फिरवलं तरी काम होतं. कुटल्यावर गोळा लोण्यासारखा मऊ आणि एकसंध लागला पाहिजे. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग करंजी खुसखुशीत का झाली नाही म्हणून मोहनाला दोष देतात.

पंधरा ग्रॅमची लाटी, दहा सेंटिमीटरची पारी. मध्यभागी किंचित जाड, कडेला पातळ. पिठी लावून लाटू नका. पिठी कडेला राहिली तर कडा चिकटत नाहीत, आणि तेलात उतरून जळते ती वेगळीच. सारण भरगच्च मोठा चमचाभर, पारीच्या एका अर्ध्यावर, कडेला एक सेंटिमीटर जागा सोडून. कडेला सारणाचा एक कणही नको, कारण खोबऱ्याचा एक तंतू मध्ये आला तरी तिथेच भोक पडतं. अर्ध्या कडेवरून दुधाचं बोट फिरवायचं, नुसतं ओलावण्यापुरतं. दूध जास्त झालं तर कड गिळगिळीत होऊन सरकते. मग घडी घालायची आणि दुमडलेल्या बाजूकडून कडेकडे बोट सरकवत आतली हवा बाहेर काढायची. हवा राहिली तर तेलात फुगा येतो आणि करंजी फुटते, किंवा न फुटता खुळखुळा होते. सारण कमी घातलं तरी तेच.

कड बंद करायला साचा, कातणं आणि मुरड असे तीन मार्ग. साच्यात करंज्या भराभर होतात आणि सगळ्या एकसारख्या, पण कड जाड राहते आणि मधला भाग लाल होईस्तोवर कड कच्चीच. कातण्याची कड नाजूक आणि दिसायलाही गोड. मूल सात-आठ वर्षांचं असेल तर कातणं त्याच्या हातात द्या, शेजारी बसून. फक्त कातणं फिरवण्याआधी कड बोटांनी नीट दाबलेली हवी. कातणं कापतं, चिकटवत नाही.

मुरड ही खरी कारागिरी. भरलेली करंजी डाव्या तळव्यावर, गोल कड बाहेरच्या बाजूला. एका टोकापासून सुरुवात. अंगठा वर, तर्जनी खाली, कड चिमटीत धरून आधी जरा पातळ करायची. मग ती चिमूट आतल्या बाजूला तिरकी वळवून दाबायची. या घडीचा जो कोपरा बाहेर आला, तोच आता पुन्हा चिमटीत धरायचा, दाबायचा, वळवायचा. दर वेळी नवी घडी आधीच्या घडीवर थोडी चढली पाहिजे. नुसत्या शेजारी शेजारी बसल्या तर त्या सुरकुत्या झाल्या, मुरड नाही. दहा सेंटिमीटरच्या पारीला बारा ते पंधरा घड्या बसतात आणि कड पिळाच्या दोरीसारखी दिसते. शेवटचं टोक करंजीच्या मागे वळवून दाबून टाकायचं, उघडं ठेवलं तर उकलायला तिथूनच सुरुवात होते. मुरडीची करंजी सहसा फुटत नाही, कारण सांधा दुहेरी होतो. शोभेसाठी म्हणून जी गोष्ट आपण शिकतो ती मुळात बंदोबस्तासाठी आहे. सुरुवातीच्या पाच-सहा वाकड्या होतील. त्याही तळा, चव तीच असते. घरातल्या आजीला, मावशीला मुरड येत असेल तर तिच्या समोर न बसता शेजारी बसून शिका. समोरून बघितलं की डावं-उजवं उलटतं.

लेक माहेराहून निघाली की तिच्यासोबत मुरडीचे कानवले द्यायची रीत आहे. तिने पुन्हा माहेरी मुरडून यावं म्हणून. करंजीलाच कितीतरी भागांत कानवला म्हणतात. कोकणात आणि गोव्यात ती नेवरी. गोव्यातल्या हिंदू घरांत चवथीला नेवऱ्या होतात आणि ख्रिस्ती घरांत त्याच नाताळच्या कुस्वाराच्या, म्हणजे फराळाच्या, ताटात, दोदोल आणि बिबिंकेच्या शेजारी दिसतात.

सजवायची हौस असेल तर साट्याच्या करंज्या करा. वरचंच पीठ, पण तीन भाग करून त्यातल्या एकात रंग. थिजलेलं तूप तीन मोठे चमचे हाताने पांढरं होईपर्यंत फेसायचं आणि त्यात चार मोठे चमचे कॉर्नफ्लॉर किंवा तांदळाची पिठी मिसळायची. हा साटा लोण्यासारखा दाट हवा. पातळ असेल तर लाटताना बाहेर येतो. तीन पातळ पोळ्या लाटून प्रत्येकीवर साटा, एकीवर एक ठेवून घट्ट वळकटी, मग दोन सेंटिमीटरचे तुकडे. तुकडा कापलेली बाजू वर करून दाबायचा आणि हलक्या हाताने, एकाच बाजूने लाटायचा. उलटपालट करून लाटलं तर पदर एकमेकांत मिसळतात. भरताना वलयांची स्पष्ट बाजू बाहेर ठेवायची. साट्याचं तूप कडेलाही असतं, म्हणून इथे दुधाचं बोट विसरून चालत नाही. रंगासाठी बिटाचा रस वापरला तर पीठ गुलाबी दिसतं, पण बिटाचा रंग उष्णतेला टिकत नाही, तळल्यावर विटकरी होतो. पालकाचा हिरवाही काळपटतो. हळद तेवढी टिकते. स्वच्छ गुलाबी हवा असेल तर खाण्याच्या रंगाचे दोन-तीन थेंबच लागतात.

तळणीला घाई चालत नाही. तेल १५० ते १६० अंश सेल्सिअसवर असावं. थर्मामीटर नसेल तर पिठाचा हरभऱ्याएवढा गोळा टाकून बघा: तळाशी जाऊन, बारीक बुडबुडे सोडत चार-पाच सेकंदांनी वर आला तर ठीक. लगेच उसळून वर आला तर तेल फार तापलंय. अशा तेलात पारीवर फोड येतात, रंग दोन मिनिटांत चढतो आणि आतला थर कच्चा राहतो. दुसऱ्या दिवशी ‘काल तर कुरकुरीत होत्या’ असं म्हणायची वेळ येते ती यामुळे. उलट तेल थंड असेल तर करंज्या तेल पितात आणि साट्याचे पदर पार सुटतात. कढईत एका वेळी चार किंवा पाच. सोडल्यावर लगेच झारा लावू नका. आधी झाऱ्याने वरच्या बाजूवर तेल उडवत राहा, पारी जरा घट्ट झाली की मग उलटा. एका घाण्याला पाच ते सहा मिनिटं लागतात. मुरडीच्या करंज्यांना मिनिटभर जास्त, कारण कड दुप्पट जाडीची असते.

एखादी फुटलीच तर ती लगेच बाहेर काढा आणि तेल गाळून घ्या. सांडलेलं खोबरं आणि साखर तळाशी जाऊन जळते आणि तिचे काळे कण पुढच्या प्रत्येक करंजीला चिकटतात. मुलांना कढईपासून दूर बसवायचं ते या फुटणाऱ्या करंज्यांमुळेही, कारण त्या तेल उडवतात.

परदेशात करणाऱ्यांसाठी थोडं. तिथला इटालियन सेमोलिना ड्यूरम गव्हाचा असतो, तो आपल्या रव्यापेक्षा सावकाश भिजतो, तीन तास द्या. पारी लाटल्यावर आखडत असेल तर पिठाला अजून विश्रांती हवी आहे, पाणी नको. डेसिकेटेड खोबरं बिनसाखरेचं घ्या. ते बारीक आणि आधीच सुकं असल्यामुळे तीन-चार मिनिटांत भाजून होतं. तळणं शक्यच नसेल तर मोहन दीडपट करून, वरून तूप लावून, १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा, मध्ये एकदा उलटून. ती करंजी खारीच्या अंगाने जाते, पण वाईट लागत नाही.

तळलेल्या करंज्या चाळणीत उभ्या ठेवून निथळू द्या आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, म्हणजे किमान दोन-तीन तासांनी. कोमट भरल्या तर झाकणाला वाफ धरते आणि इतका जपलेला कोरडेपणा एका रात्रीत जातो. नीट भरलेल्या तीन आठवडे राहतात. कातण्याने निघालेल्या कडा फडक्याखाली जमवत जा. अर्ध्यावर पोचलात की त्या परत मळून लाटायला घ्या, शेवटपर्यंत ठेवल्या तर त्या सुकलेल्या असतात. अगदी शेवटी मूठभर उरल्याच तर शंकरपाळ्यासारख्या कापून त्याच तेलात तळून काढा आणि वर उरलेलं सारण भुरभुरवा. मुलं डब्यातल्या करंज्यांना हात लावण्याआधी याच संपवतात.